‘बालमृत्यू घटले’ म्हणजे कुणाच्या तुलनेत घटले?

पोस्ट मोठी आहे. आरोग्य खात्यात काम करणारे, जिल्हा परिषदेत निवडून गेलेले आणि माझ्यासारखे बातम्या लिहिणारे, या तिघांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी एक साधं गणित मांडतो. सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण तीस हजार लोकसंख्या असते. जन्मदर हजारी पंधरा धरला तर वर्षाला साडेचारशे बाळंतपणं. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०२० साली हजारी १६ होता. म्हणजे त्या केंद्राच्या हद्दीत वर्षाला सातएक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत. आता समजा एखाद्या वर्षी सातच्या जागी चार गेली. केंद्रात नवं काहीच झालेलं नाही. तेच डॉक्टर, त्याच सिस्टर, तोच खड्ड्यांचा रस्ता. तरी कागदावर ‘४३ टक्के घट’ दिसते. नुसत्या योगायोगानं असं साधारण सहा वर्षांतून एकदा होतंच. पुढच्या वर्षी दहा गेली तर चारवरून दहा म्हणजे दीडशे टक्के वाढ. पण त्याची प्रेसनोट कधी निघत नाही.

मी डॉक्टर नाही आणि संख्याशास्त्राचा माणूसही नाही. पत्रकारितेची पदविका केली, आणि गेली वीसेक वर्षं तालुक्याच्या गावातून बातम्या देतो. आरोग्याच्या योजना येताना पाहिल्या, फ्लेक्स लागताना पाहिले, आणि बऱ्याच योजना कुणाला न सांगता बंद होतानाही पाहिल्या. त्यातली कुठली खरंच चालली आणि कुठली नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगितल्याचं मात्र फार थोड्या वेळा ऐकलं. याचं कारण शोधत गेलो तर एका गोष्टीशी येऊन थांबलो. योजना सुरू करायच्या आधी ती तपासायची कशी हे कुणी ठरवतच नाही. तपासणी नंतर, वर्ष संपल्यावर, आकडे हातात आल्यावर सुरू होते. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्यात माता-बालकांसाठी योजना राबवली गेली होती. आशांना जादा प्रशिक्षण, उपकेंद्रात नोंदीसाठी मोबाईल, सासवांच्या बैठका, ग्रामीण रुग्णालयात बाळांना ऊब देणारी यंत्रं, आणि जिल्हा रुग्णालयात पाठवायचं तर आधी फोन करायची पद्धत. वर्षभरानं पत्रकार परिषद झाली. मृत्यू इतक्या टक्क्यांनी घटले असं सांगितलं. मी विचारलं, "साहेब, शेजारच्या तालुक्यात या वर्षात काय झालं?"

साहेब म्हणाले, "अहो, तिथं योजनाच नव्हती. मग तिथलं कशाला बघायचं?"

साहेबांचा हेतू वाईट नव्हता. माणूस कामाचा होता, रात्री-अपरात्री ग्रामीण रुग्णालयात जाऊन बसणारा. पण जिथं योजना नव्हती तिथलंच तर बघायला हवं होतं. पुढचं सगळं याच एका मुद्द्यावर आहे.

अशा योजनेला अभ्यासक बहुस्तरीय म्हणतात. म्हणजे ती एकाच माणसाला एक गोळी देत नाही. ती घरात सासूशी बोलते, गावात आशाताईंचं काम बदलते, उपकेंद्रात एएनएमचं, केंद्रात डॉक्टरांचं, आणि वर जिल्हा रुग्णालयाचं दार उघडं आहे की नाही तेही बघते. बाळ वाचतं ते या सगळ्या पायऱ्या जुळल्या तर. गोळीची परीक्षा तुलनेनं सोपी असते. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, आणि वाट बघायची. इथं तसं करता येत नाही. एकाच गावातल्या एका बाईच्या घरी आशाताईंनी नवीन पद्धतीनं जायचं आणि शेजारणीच्या घरी जुन्या पद्धतीनं, हे शक्यच नाही. ताई शिकलेलं विसरणार कशा? आणि दोघी बाया पाण्यावर भेटतात, बोलतात. एकीला सांगितलेलं दुसरीला संध्याकाळपर्यंत कळतं.

म्हणून मग सोपा रस्ता घेतला जातो. आधी किती मृत्यू होते, नंतर किती झाले, वजाबाकी करा. या वजाबाकीत फसायच्या चार जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे काळ. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०१० साली हजारी २८ होता, तो दहा वर्षांत १६ वर आला. रस्ते झाले, मुली जास्त शिकल्या, दवाखान्यात बाळंतपणं वाढली, लसी वाढल्या. या दहा वर्षांत कुणी कुठलीही योजना काढली असती, अगदी केंद्राच्या भिंतींना रंग द्यायची, तरी ‘आधी आणि नंतर’मध्ये ती यशस्वी दिसली असती.

दुसरी जागा निवडीची. योजना बहुतेक वेळा सगळ्यात वाईट आकड्याच्या केंद्रांत सुरू होते. ते योग्यच आहे. पण सगळ्यात वाईट वर्ष बघून निवडलेलं केंद्र पुढच्या वर्षी बहुधा थोडं सुधारतंच, कारण त्या वाईट वर्षात नशिबाचाही वाटा असतो. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या कॅम्डेन शहरात हे फार स्पष्ट दिसलं. पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती होणारे रुग्ण निवडून, घरी गेल्यावर त्यांच्यामागे नर्स, समाजसेवक, आरोग्य कार्यकर्ते अशी फौज लावायची, असा कार्यक्रम होता. त्याचं देशभर कौतुक झालं. मग ८०० रुग्णांची सोडत काढून दोन गट केले. २०२० साली निकाल आला. सहा महिन्यांत पुन्हा भरती होणाऱ्यांचं प्रमाण कार्यक्रमातल्या गटात ६२.३ टक्के, आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ६१.७ टक्के. भरती आधीच्या मानानं दोन्हीकडे कमी झाली होती. दुसरा गट नसता तर ती सगळी घट कार्यक्रमाच्या नावावर जमा झाली असती.

तिसरी जागा लहान आकड्यांची. ते वर सांगितलं.

चौथी जागा मोजणीची. योजना आली की मोजणी बदलते. कधी नोंदी चांगल्या होतात आणि मृत्यू वाढलेले दिसतात. कधी वरून दबाव येतो आणि मृत जन्मलेलं बाळ की जन्मून गेलेलं बाळ, या रकान्यांत अदलाबदल होते. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला होता, तो आठवत असेल. राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी घरोघरी जाऊन बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी नोंदीत त्यातले फार थोडे सापडले. मोजणारा कोण, हे आधी ठरवावं लागतं. योजना राबवणाऱ्यानंच मृत्यू मोजायचे म्हणजे परीक्षार्थ्यानंच पेपर तपासायचे.

आता आपल्याच राज्यातलं चांगलं उदाहरण. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करणं, आणि जंतुसंसर्ग ओळखून वेळप्रसंगी इंजेक्शन देणं. ही ३९ गावं होती. पण मला महत्त्वाची वाटतात ती दुसरी ४७ गावं, जिथं हा कार्यक्रम नव्हता, फक्त मोजणी होती. कार्यक्रमाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी साडेपंचवीसवर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगानं मान्य केलं. त्या ४७ गावांचा आकडा शेजारी नसता, तर ‘या वर्षांत सगळीकडेच कमी झालं असेल’ असं म्हणून कुणीही ते उडवून लावू शकलं असतं.

त्यातही एक कच्चा दुवा होता. कुठली गावं कार्यक्रमात आणि कुठली तुलनेत, हे सोडतीनं ठरलेलं नव्हतं. त्यामुळे शंका घेणाऱ्यांना जागा राहिली. मग बांगलादेशात सिल्हेटमध्ये गटांची सोडत काढून असाच घरभेटींचा कार्यक्रम तपासला. २००८ साली निकाल आला, नवजात मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी. आकडा गडचिरोलीपेक्षा लहान, पण दिशा तीच. एकावर एक असा पुरावा साठत गेला आणि २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. आज तुमच्या घरी बाळ जन्मलं की तिसऱ्या, सातव्या दिवशी ताई दारात येतात, त्यामागे ती तुलनेची गावंही आहेत.

याच्या उलट उदाहरण उत्तर प्रदेशातलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सुरक्षित बाळंतपणासाठी एक तपासयादी तयार केली. हात धुतले का, रक्तदाब बघितला का, बाळ पुसून आईच्या अंगावर ठेवलं का, अशी. कर्नाटकातल्या एका छोट्या रुग्णालयात ती आधी वापरून पाहिली. आधी प्रत्येक बाळंतपणात २९ पैकी सरासरी १० गोष्टी होत होत्या, यादी आल्यावर २५ होऊ लागल्या. आधी आणि नंतरची वजाबाकी बघितली तर डोळे दिपतील असा निकाल. तिथंच थांबून देशभर यादी लावता आली असती आणि लाखो बाळं वाचवल्याचा दावाही करता आला असता.

संशोधक तिथं थांबले नाहीत. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत १२० आरोग्य केंद्रं घेतली. एकसारख्या दिसणाऱ्या केंद्रांच्या ६० जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतलं एक सोडतीनं निवडलं. तिथं यादी दिली आणि शिकवणारी माणसं महिनोन्‌महिने पाठवली. दीड लाखांहून जास्त बाळंतपणांची माहिती गोळा झाली. २०१७ साली निकाल आला. कामाची पद्धत नक्की सुधारली. दोन महिन्यांनी यादीच्या केंद्रांत ७३ टक्के गोष्टी होत होत्या, दुसऱ्या केंद्रांत ४२ टक्के. शिकवणारे गेल्यावर, बारा महिन्यांनी, ७३ चे ६२ झाले. आणि बाळाचा मृत्यू, आईचा मृत्यू किंवा आईची गंभीर गुंतागुंत, यांचं एकत्रित प्रमाण? एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. म्हणजे फरक नाहीच.

हा निकाल वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. त्या केंद्रांतल्या सिस्टरनी कष्ट केले होते. हात धुतले, यादी भरली. मग बाळं का वाचली नाहीत? माझ्या समजुतीप्रमाणे इथं पायऱ्यांचा प्रश्न येतो. एका पायरीवरचं काम सुधारलं, पण पुढची पायरी, म्हणजे अडलेल्या बाईचं सिझेरियन, रक्त, आजारी बाळासाठी विभाग, तिथं पोचवणारी गाडी, ती जर तशीच असेल तर खालची सुधारणा वाटेतच अडकते. पण मोठी, नीट आखलेली परीक्षा घेतली म्हणून हा प्रश्न तरी पडला. नुसती ‘आधी-नंतर’ केली असती तर टाळ्या वाजवून सगळे घरी गेले असते. आणि अडलेल्या बायांना गाडी मिळते का, हे बघायचं राहूनच गेलं असतं.

मग आपल्या जिल्ह्यात काय करता येईल? मला जे समजलं ते सांगतो.

पहिलं, सोडत गावांची किंवा केंद्रांची काढायची, माणसांची नाही. हरियाणात फरीदाबाद जिल्ह्यात हेच केलं. १८ प्राथमिक आरोग्य केंद्रं, नऊ इकडे, नऊ तिकडे. सुमारे ६० हजार जन्म. आजारी बाळांच्या काळजीचा एकात्मिक कार्यक्रम नऊ केंद्रांत आला, तिथं अर्भक मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. पंधरा टक्के ऐकायला कमी वाटतात, पण तो फरक तुलना करून मिळालेला आहे. प्रेसनोटमधल्या पन्नास टक्क्यांपेक्षा मला तो मोठा वाटतो.

इथं एक गोष्ट लोकांना पटकन पटत नाही. एका तालुक्यात योजना, शेजारच्या तालुक्यात नाही, दोन्हीकडे पाच-पाच हजार आया मोजल्या, म्हणजे दहा हजारांचा अभ्यास झाला असं वाटतं. तसं नसतं. एका तालुक्यातल्या सगळ्या बायका एकाच ग्रामीण रुग्णालयात जातात, तोच एक डॉक्टर रजेवर असतो, तोच पूल पावसाळ्यात बुडतो. त्यांचं नशीब एकमेकींना बांधलेलं आहे. फरक दिसला तर तो योजनेचा की पुलाचा, हे दोन तालुक्यांवरून कधीच कळणार नाही. आया कितीही मोजा, अभ्यास दोनचाच. त्यापेक्षा वीस केंद्रं घ्या आणि प्रत्येकी थोड्या आया मोजा. मध्यम आकाराच्या जिल्ह्यात चाळीस-पन्नास केंद्रं सहज असतात. म्हणजे जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

दुसरं, सोडतीला घाबरायचं कारण नाही. "लहान लेकरांवर प्रयोग करता का?" असा प्रश्न येतो आणि तो विचारलाच पाहिजे. ज्या गोष्टीचा उपयोग सिद्ध झालाय, लस घ्या किंवा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन घ्या, ती कुणालाही नाकारून परीक्षा घ्यायची नाही. तुलनेच्या गावांतही नेहमीची सेवा पूर्ण मिळाली पाहिजे. गावाला आणि आईला सांगून, त्यांची संमती घेऊन, नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊनच पुढं जायचं. हे सगळं मान्य. पण वस्तुस्थिती अशी आहे की पैसे, यंत्रं आणि शिकवणारी माणसं पहिल्या वर्षी सगळ्यांना पुरत नाहीतच. कुणीतरी थांबणारच असतं. आज कोण थांबणार हे कसं ठरतं, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. कुणाचा फोन आधी येतो त्यावर. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाका. सरपंचपदाच्या आरक्षणाला तहसील कार्यालयात लहान पोरगं बोलावून त्याच्या हातानं चिठ्ठी काढतो की नाही आपण? शाळेचे आरटीईचे प्रवेश सोडतीनं होतात. म्हाडाची घरं सोडतीनं मिळतात. सगळ्यांच्या देखत निघालेली सोडत आपल्या माणसाला कळते, आणि सहसा पटते.

तिसरं, कुणालाच कायमचं वगळायचं नसेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी जायचं. गाम्बिया हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. १९८६ साली तिथं हिपॅटायटिस बी ची लस आणायची होती. ती एकदम सगळ्या देशाला देणं शक्य नव्हतं. मग चार वर्षांत एकेक भाग घेत गेले, आणि भागांचा क्रम सोडतीनं लावला. शेवटी लस सगळ्यांना मिळाली. पण मधल्या काळात मिळालेले भाग आणि वाट बघणारे भाग यांची चोख तुलना तयार झाली. इंग्रजीत याला स्टेप्ड वेज म्हणतात. मी त्याला पायऱ्यांची सोडत म्हणतो. यात भेदभावाची तक्रार जवळपास उरत नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. काळाबरोबर सगळीकडेच सुधारणा होत असते, ती हिशोबातून वेगळी काढायची.

चौथं, राजकारण धरून चालायचं. मेक्सिकोत २००५ च्या सुमारास गरिबांसाठी आरोग्य विमा योजना आली, सेगुरो पॉप्युलर नावाची. तिची परीक्षा आखणाऱ्यांनी सारख्या भागांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत सोडत काढली. एखाद्या ठिकाणी पुढाऱ्यानं हट्ट करून मधेच भाग फोडला तर तेवढी जोडी बाजूला काढायची, बाकीच्या जोड्या शाबूत. किती व्यवहारी विचार आहे बघा! तिथं दहा महिन्यांत असं दिसलं की उपचारापायी कर्जबाजारी करणारा खर्च कमी झाला, पण तब्येतीवर इतक्या लवकर फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी छापल्या गेल्या.

आपल्याकडे अशी संधी आली होती आणि गेली. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन जिल्हे. उरलेल्या राज्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. म्हणजे साधारण सोळा महिने आठ जिल्ह्यांत योजना होती आणि बाकीच्यांत नव्हती. पायऱ्या तयारच होत्या. क्रम सोडतीनं लावायला एक रुपयाही जादा लागला नसता.

सोडत नसली तरी सगळं संपत नाही, हे शेजारच्या कर्नाटकानं दाखवलं. तिथं वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये आधी उत्तर भागात सुरू झाली. अभ्यासकांनी हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची गावं घेतली, योजनेची ३०० आणि बिगरयोजनेची २७२. हद्दीजवळची गावं एकमेकांसारखीच असतात, तेच पीक, तीच बाजारपेठ. दारिद्र्यरेषेखालच्या घरांत, योजनेत बसणाऱ्या हृदयविकार, कर्करोग अशा आजारांनी होणारे मृत्यू योजनेच्या गावांत ०.३२ टक्के, पलीकडे ०.९० टक्के. त्यांनी आणखी एक तपासणी केली, ती मला फार आवडली. योजना फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना होती. मग वरच्या घरांत काय दिसतं? ०.५६ आणि ०.५५. फरक नाही. फरक गावाचा असता तर तिथंही दिसला असता.

आणि योजना एकदम राज्यभर आली तर? १०८ ची रुग्णवाहिका २०१४ मध्ये अशीच आली. अशा वेळी तुलनेला गाव उरत नाही. मग निदान आधीच्या दोन-तीन वर्षांचे महिन्या-महिन्याचे आकडे हवेत. उतार आधीपासून होता का, योजनेच्या महिन्यात तो मोडला का, हे तरी दिसतं. एका वर्षाचा एक आकडा आणि दुसऱ्या वर्षाचा एक आकडा, यावरून काहीच दिसत नाही.

पाचवी आणि शेवटची गोष्ट. आकड्यांना ‘किती’ कळतं, ‘का’ कळत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं, आणि तेही अभ्यासाच्या आराखड्यात आधीपासून लिहिलेलं हवं. मोबाईलवर नोंदी करायची एक योजना आली होती तेव्हा एका आशाताईंना विचारलं, काम कसं चाललंय. म्हणाल्या, "दादा, आधी बाळ बघायचे, मग वही भरायचे. आता आधी रेंज बघते." हसत म्हणाल्या, पण त्या एका वाक्यात त्या योजनेचं काय होणार ते आलं होतं. कुठल्याही रकान्यात ते बसलं नसतं. प्रत्येक पायरीवर असं कुणीतरी असतं ज्याला खरं कारण माहीत असतं. त्याला विचारायची पद्धत योजनेतच हवी.

"एवढा कुटाणा कशाला? चांगली योजना आहे, राबवा की," असं म्हणणारे मित्र आहेत. त्यांना माझं म्हणणं एवढंच. योजना हवेत राबत नाहीत. प्रत्येक नवी योजना म्हणजे आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर, सिस्टरच्या रात्रपाळीत आणखी एक अर्ज. काम न होणारी योजना चालू ठेवली तर त्यांचा तेवढा वेळ दुसऱ्या कुठल्यातरी बाळाच्या वाट्यातून जातो. आणि उलटंही होतं, खरोखर बाळं वाचवणारी योजना पुराव्याअभावी पुढच्या अंदाजपत्रकात कापली जाते. कारण ती चालवणाऱ्या माणसाची बदली झालेली असते आणि कागदावर दाखवायला काही नसतं. दोन्हीकडे किंमत मोजणारे तेच, ज्यांच्या घरी बातमी देणारंही कुणी जात नाही.

म्हणून जिल्हा नियोजन समितीत, जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत बसणाऱ्यांना आणि माझ्या बातमीदार मित्रांना विनंती. पुढची आरोग्य योजना जाहीर होईल तेव्हा फ्लेक्स लागण्याआधी पाच प्रश्न विचारा. पहिल्या टप्प्यात कुठली केंद्रं, आणि ती कुणी, कशी निवडली? तुलनेला कुठली केंद्रं आहेत आणि ती किती? कुठल्या एका आकड्यावर यश ठरणार, तो आज लिहून जाहीर करणार का? मृत्यू मोजणार कोण? आणि निकाल ‘फरक नाही’ असा आला तर तोही छापणार का?

उत्तरं मिळाली तर छापा. नाही मिळाली तर प्रश्नच छापा, तारखेसकट. आरोग्य खात्यातल्या मित्रांनी कमेंटमध्ये जरूर लिहावं. माझं कुठं चुकत असेल तर दुरुस्त करा. आणि तुमच्या तालुक्यात असं काही नीट तपासून झालं असेल तर तेही सांगा, त्याची बातमी करायला मी येईन.